हत्तीपाशी उतरायचं

सकाळी भट्टी पेटवली की थोडा वेळ मी दुकानात नसतो. म्हणजे हात असतात. हात मुशीत टाकणखार टाकतात, पंख्याचं बटण दाबतात, मोडीचे दागिने पुडीत बांधून आलेल्या तमिळ सोनाराच्या माणसापुढं स्टूल सरकवतात. तोंडही त्याच्याशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलतं. पण मी असतो विट्याच्या पलीकडं, आमच्या गावच्या रस्त्यावर. कारण त्याच वेळेला माझी लेक सायकल घेऊन हायस्कुलाला निघालेली असते.

आमचं गलाईचं दुकान कोइमतुरात, सोनारांच्या एका बोळात. जुनं सोनं वितळवायचं, त्यातलं तांबं आणि चांदी वेगळी करायची, चोख सोनं परत द्यायचं, एवढंच काम. आमच्या भागातली माणसं ह्याच कामावर देशभर पांगली आहेत. मला इथं आणलं माझ्या मामांनी; आईचं माहेरही आमच्याच गावातलं. आता त्यांचे गुडघे गेले, तरी रोज सकाळी दुकानात येतात, भिंतीकडच्या गादीवर टेकतात आणि माझ्याकडं बघत राहतात.

"गेली का रं पोरगी?"

"निघाली आसंल."

"आन् तू कुटवर पोचलास?"

"वड्यापाशी."

"मग चिमटा नीट धर. न्हाईतर मूस वड्यात पडंल."

मामा हसतात, मीही हसतो. पण चिमटा खरंच नीट धरतो.

मुशीतलं सोनं आधी लाल होतं, मग खचतं आणि एकदम पाण्यासारखं होऊन त्याचा एक गोल डोळा तयार होतो. त्या डोळ्यावरून साय सरकत जाते. तिच्याकडं बघत राहिलं की मला रस्ता दिसतो. दोन रस्ते, एकमेकांत मिसळलेले. एक माझा, एक तिचा.

माझा रस्ता पांढरा होता. धुरळ्याचा. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढं शेजारच्या गावाला चालत जायचं. तेव्हा तिकडं पाणी नव्हतं. दोन्ही बाजूला ज्वारी, नाहीतर नुसतं कुसळ, मध्ये मध्ये बाभळी आणि बोरी. रस्त्याला कड अशी नव्हतीच. रस्ता संपला कुठं आणि रान सुरू झालं कुठं ते पावलांनाच कळायचं, धुरळा मऊ लागायचा आणि रान टोचायचं. आम्ही रस्त्याच्या मधोमध चालायचो. मेंढरं आडवी आली तर त्यांच्यातून वाट काढत जायचो आणि पलीकडं निघालो की अंगाला लोकरीचा वास. एसटी यायची तेव्हा आधी क्षितिजावर धुरळ्याचं एक बोट उभं राहायचं, मग आवाज, आणि बऱ्याच वेळानं गाडी. तोवर आमची बोरं खाऊन झालेली असायची.

आमचा एक खेळ होता. डोळे मिटून चालायचं. कोण किती लांब जातंय ते बघायचं. ओढ्याचा उतार लागला की पायांना कळायचं, वडाची सावली आली की पापण्यांना कळायचं. आम्ही अर्धं वर्ष त्या रस्त्यावर झोपेतच चालून गेलो असू. कुणी धडकलं नाही, कुणाला काही झालं नाही. धडकायला तिथं काही नव्हतंच.

आठवीत असताना दुष्काळ मोठा होता. मामा जत्रेला आले होते. त्यांच्या अंगाला अत्तराचा आणि कसल्यातरी तिखट औषधाचा वास होता; तो ॲसिडचा, हे मला पुढं कळलं. ते आईला म्हणाले, "चार दिवस येऊ दे माज्याबरूबर. करमलं न्हाई तर आनून सोडतो." मला वाटलं, चार दिवसांनी येऊन पुढचा धडा शिकायचा. दप्तर खुंटीला होतं तसंच ठेवून मी मिरजेला गाडीत बसलो. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

ह्यात तक्रार नाही. मामांनी मला पोटच्या पोरासारखं ठेवलं. सुरुवातीला ॲसिडच्या धुरानं मला रात्रभर खोकला यायचा, तर सकाळी स्वतःचा चहा न पिता ते माझ्यासाठी गूळ घालून दूध आणायचे. आग कशी वाचायची ते त्यांनी शिकवलं. माझं लग्न त्यांनी जमवलं, मलकापूरची मुलगी बघितली, बस्ता त्यांनीच बांधला. आज माझ्या ताटात जे काही आहे ते त्यांच्यामुळं, असं मी रोज मनात म्हणतो. म्हणूनच पुढचं सगळं इतकं अवघड झालं.

आमच्या गलाईवाल्यांची एक रीत आहे. बाहेर चार घास मिळाले की गावाला काहीतरी द्यायचं. कुणी देवळाला कळस देतो, कुणी शाळेला खोली, कुणी पाण्याची टाकी. दूरच्या गावांत, एकेका भाड्याच्या खोलीत राहणारी माणसं. आपण गावाला विसरलो नाही हे सांगायला त्यांच्याजवळ दुसरं काही नसतं. तशी आम्ही सगळ्यांनी मिळून गावाला कमान दिली. कल्पना मामांची. आणि कमानीच्या दोन्ही खांबांपुढं हत्ती असावेत, ही तर फक्त मामांचीच.

त्याला कारण होतं. मामा पोरवयात पहिल्यांदा इकडं आले तेव्हा भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. भुकेल्या पोटी एका देवळाच्या दारात बसले होते. तिथल्या हत्तीनं येऊन त्यांच्या डोक्यावर सोंड ठेवली. इकडं ती रीतच आहे, हत्ती सगळ्यांच्याच डोक्यावर सोंड ठेवतो. पण मामांना ते कुठं माहीत? त्यांना वाटलं, मलाच निवडलं. त्याच दिवशी त्यांना काम मिळालं. "गावात येनाऱ्या परत्येकाच्या डोक्यावर सोंड पायजे," ते म्हणायचे. कमानीचं चित्र त्यांनी दुकानातल्या कागदावर स्वतः काढलं होतं. हत्ती त्यात मोठे होते आणि कमान लहान.

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो. त्या दिवशी रस्त्यात मांडव घातला होता, वाहनं बंद होती. कमानीखालून बायका कळश्या घेऊन गेल्या, लेझीम खेळत पोरं गेली. पांढरे शुभ्र सिमेंटचे हत्ती, कपाळावर लाल रंग, सोंड पुढं केलेली. मामा त्या सोंडेखाली उभे राहिले आणि रडले. आम्ही पण रडलो. सगळ्यांच्या फोनमध्ये ते फोटो अजून आहेत. हत्ती साईडपट्टीवर उभे आहेत हे त्यात नीट दिसतं. तेव्हा ते कुणाला दिसलं नाही. सगळे वर बघत होते.

मग आमच्या भागाला पाणी आलं. ज्याची आमच्या बापजाद्यांनी वाट बघितली ते पाणी डोंगर चढून आलं, पाटातून वाहायला लागलं, आणि कुसळाच्या जागी ऊस उभा राहिला. गावाकडं जाईन तेव्हा मला रस्ता ओळखू येईना. पांढरा होता तो काळा झाला. दोन्ही बाजूला माणसाहून उंच हिरवी भिंत. हंगामात तिच्यातून ट्रॅक्टर निघतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या मोळ्या आणि मोठ्यानं लावलेलं गाणं. हे सगळं बघून मला आनंदच व्हायचा. आपल्या गावातून काही बाहेर जायला लागलं, माणसांशिवाय.

ह्या वर्षी माझी लेक सातवी पास झाली. मी तिच्यासाठी निळी सायकल घेतली. फोनवर ती म्हणाली, "पप्पा, लय भारी पळती!" मी विचारलं, रस्ता कसा आहे. ती म्हणाली, "चांगलाय की. नुसतं हत्तीपाशी उतरायचं."

"का?"

"तसंच आसतं. ट्रॅक्टर आला की हत्तीपाशी उतरायचं, सायकल हत्तीला टेकवायची आन् पोट आत घ्यायचं. मग जायचं."

मला ते खेळासारखं वाटलं. आमच्या डोळे मिटून चालण्यासारखं. मी मामांनाही सांगितलं, पोरं हत्तीपाशी थांबतात म्हणून. मामा किती खूश झाले. "आशीरवाद घेऊन जात्यात," म्हणाले.

दिवाळीचा धंदा उरकून मी गावाला गेलो. शाळा सुरू झाल्या होत्या, हंगामही. एका सकाळी मी लेकीच्या मागं चालत निघालो. धुकं इतकं होतं की जग फक्त आमच्यापुरतं उरलं होतं. ती माझ्यासाठी सायकल हळू चालवत होती, वळून वळून बघत होती.

"पप्पा, पळा की! शाळा सुटंल आता!"

उसाला तुरे आले होते. धुक्यात ऊस दिसत नव्हता, नुसते तुरे दिसत होते, हवेत लटकल्यासारखे. कुठंतरी मैनांचा आवाज. तिच्या मैत्रिणी एकेक करून धुक्यातून उगवल्या, आधी घंटी, मग पुढचं चाक, मग मुलगी. मला झोप लागल्यासारखं झालं होतं. पाय आपोआप चालत होते. हा तोच रस्ता, तोच उतार, मी आठवीत आहे आणि खुंटीवरचं दप्तर माझ्या खांद्यावर आहे, असं मला खरोखर वाटायला लागलं.

मग धुक्यातून हत्ती आले. पाय नसलेले, तरंगणारे. फार सुंदर दिसत होते. मुली साईडपट्टीवरून त्यांच्यापर्यंत गेल्या आणि तिथं साईडपट्टी संपली. हत्तीनं ती सगळी घेतली होती. पुढं जायचं तर डांबरावर जायचं, कमानीखालून, जिथं एका वेळी एकच वाहन मावतं. आणि पलीकडं लगेच वळण, वळणावर ऊस.

गाणं आधी ऐकू आलं. लेक टुणकन उतरली. तिनं सायकल हत्तीच्या पोटाला लावली, स्वतः सोंडेखाली घुसली, मैत्रिणी तिच्या अंगाला चिकटल्या. ट्रॅक्टर कमानीतून आला, ड्रायव्हर उंचावर, त्याची नजर पुढच्या धुक्यात. पहिली ट्रॉली गेली. दुसरी मागून तिरकी आली, शेपटी हलवावी तशी, आणि बाहेर आलेली उसाची टोकं हत्तीच्या कानावरून खरखर घासत गेली. मुलींच्या डोक्यावरून. तेव्हा मी बघितलं, त्या कानाचा अर्धा तुकडा आधीच उडालेला होता.

"गेली!" सगळ्या ओरडल्या आणि हसल्या. खाली पडलेलं एक कांडं उचलून लेकीनं माझ्यापुढं धरलं. "घ्या पप्पा. हत्तीचा परसाद."

मी ते घेतलं. खिशात घातलं.

कमानीला लागून ज्यांचा ऊस आहे ते तात्या फौजेतून निवृत्त झालेले. ते बांधावर उभे राहून सगळं बघत होते, गळ्यात शिट्टी. रोज उभे राहतात, असं लेक नंतर म्हणाली. मी त्यांना रामराम केला.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"बघितलं, तात्या."

"मी शिट्टी वाजवतो. गान्यात ऐकू कुटं येतीय ती. आन् ड्रायव्हरला तरी काय म्हनू? फुडं पोरगी दिसली तर थांबतोय बिचारा. मागची ट्रॉली काय त्याच्या बापाला दिसतीय?" मग हत्तीकडं बघून ते हसले. "तुमा सोनारांची कमाल हाय गड्या. हजार मैलावरनं हत्ती आनून पोरांच्या वाटंवर बसवला."

त्यांनी चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापताना थांबली नाही. तिला सगळं माहीत होतं. ती हायवेच्या कडेला वाढलेली. मलकापुरात तिची आई तिला दहावीपर्यंत हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायची.

"मी तुमाला सांगितलं न्हाई," ती म्हणाली, "तुमी तितं आगीजवळ बसता. ध्यान ढळायला नको."

"मग काय करायचं?"

"आवं, मी काय सांगू? ऊस संपंपर्यंत तिला घरी ठिवू. चार म्हयन्याचा तर प्रश्न. मग जाईल."

चार दिवस आणि चार महिने ह्यांत मला फरक दिसत नव्हता. दप्तर एकदा खुंटीला लागलं की त्याला उतरायची सवय राहत नाही.

मी परत आलो. येताना मिरजेपासून गाडीत झोपलो आणि प्रत्येक पुलावर हत्ती दिसले. दुकानात मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कमान कशी हाय?" मी म्हणालो, "चांगली हाय." ज्या माणसानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्याला मी कसं सांगू की तुमच्या डोक्यावर ठेवलेली सोंड आता माझ्या लेकीच्या वाटेत आहे? रोज सकाळी भट्टी पेटली की मी ठरवायचो आणि रोज सोनं वितळून लगड ओतून व्हायची, तोवर बोलणं जिरून जायचं.

मग एका सोमवारी बायकोचा फोन आला. लेकीच्या मैत्रिणीच्या सायकलीची टोपली उसाच्या मोळीत अडकली होती. सायकल ओढली गेली, पोरीनं हात सोडला म्हणून वाचली. सायकल वाकून गेली होती. बायको म्हणाली, "मी हिला आजपासनं घरी ठिवलीय." मागून लेकीचा आवाज आला, रडका: "पप्पा, माझी चाचणी हाय!"

मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय झालं?"

मी फोन व्हिडिओवर केला, त्यांच्या हातात दिला आणि लेकीला म्हणालो, "बाळा, आजोबांना हत्ती दाखव. आईला संगं घेऊन जा. तात्यांच्या बांधावरनं दाखव, खाली उतरू नको."

मामांनी चष्मा लावला. फोनमध्ये रस्ता हलत हलत चालला होता, उसाची पानं, आकाशाचा तुकडा, लेकीची चप्पल. मामांना ते सगळंच गोड लागत होतं. "आरं, हा बग वडा. किती पानी रं! आपल्या वेळंला नुसती वाळू." मग कमान आली. मामा सरसावून बसले. "आला माजा राजा. आगं, कान कुटं गेला त्याचा?"

"बघा हं आजोबा," लेक म्हणाली. "आता येती ट्रॉली. आमी त्या सोंडंखाली उभ्या राहतो. तितं, काळं झालंय बघा, तितं माझी सायकल टेकवती मी."

गाणं वाढत गेलं. छोट्या फोनमधून ते पत्र्यासारखं वाजत होतं. ट्रॅक्टर आला, पहिली ट्रॉली, दुसरी. टोकं हत्तीवर आपटली. सोंडेखालची रिकामी जागा, जिथं मुली उभ्या राहतात, ती मोळ्यांनी पुसल्यासारखी होऊन गेली. मग नुसता धुरळा.

"गेली!" लेक म्हणाली, पण ह्या वेळी हसली नाही. "दिसलं का आजोबा? रेंज होती का?"

मामांनी फोन खाली ठेवला. चष्मा काढला. भट्टीचा पंखा चालू होता तो त्यांनी हात लांब करून बंद केला. बोळातल्या कुणाचीतरी सायकल, फेरीवाल्याची हाक, सगळं एकदम आत आलं.

"तू बघून आला हुतास," ते म्हणाले.

"व्हय."

"आन् मला म्हनलास चांगली हाय."

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मूठभर केसांत बोटं घालून जरा हलवलं, लहानपणी खोकला आला की करायचे तसं. "लय घाबरतोस रं तू. पहिल्यापासनं. आता मीबी घाबरलो बग. लाव फोन लष्कराला."

लष्कर म्हणजे फौजी तात्या. मामा आणि तात्या एका वर्गातले, हे मला त्या दिवशी कळलं. फोन स्पीकरवर होता.

"काय रं सोनारा, जित्ता हायस का?"

"तुज्या आदी मरत न्हाई. ऐक. माजे हत्ती काढाय लागलोय मी."

"खरं म्हनतोस?"

"खरं. पर हत्ती काढून भागत न्हाई. खांब तर ऱ्हातोयच. पोरांना खांबाच्या मागनं वाट पायजे. तुजा बांध सरकव आत."

"आसं व्हय! हत्ती शिमिटाचा हाय गड्या. बांध बापाचा हाय माज्या."

"बापाचाच. त्याच बांधावर बसून तू आन् मी शाळा चुकवायचो. आठवतंय का, हरभरा खात?"

"आठवतंय. तुला जास्ती आठवत आसंल, मार तू खाल्लास."

दोघं हसले. मग मामांचा आवाज बारीक झाला. "आपन चुकवली रं. ही पोरं जाया बगत्यात."

तात्या म्हणाले, "बगतो," आणि फोन ठेवला. मला वाटलं संपलं. आमच्याकडं ‘बघतो’ म्हणजे नाहीच असतं बहुतेक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं फोटो पाठवला. तात्यांनी उसाच्या चार सऱ्या स्वतः तोडल्या होत्या आणि आतल्या बाजूला खुंट्या मारून सुतळी ताणली होती. सुतळी एवढी सरळ की ती फौजेतल्या माणसानंच ताणली हे कुणीही सांगितलं असतं. आणि वळणावरचा कोपरा त्यांनी पुरता मोकळा केला होता. तिथं आता ऊस नाही, हरभरा करणार म्हणाले. ड्रायव्हरला पलीकडचं दिसलं पाहिजे.

बाकी सगळं सोपं झालं असं नाही. आमच्यातल्याच काहींना वाईट वाटलं. आम्ही दिलेली वस्तू काढायची म्हणजे आमचा मान काढला, असे फोन वेगवेगळ्या गावांहून आले. मामा प्रत्येकाला एकच उत्तर देत होते, "तुजं पोरगं उभं कर सोंडंखाली, मग बोल." ग्रामपंचायतीत विषय झाला, ट्रॅक्टरवाल्यांनाही बोलावलं. शाळेच्या वेळेला कमानीपाशी गाणं बंद आणि मोळ्या ट्रॉलीच्या आत, हे त्यांनी कबूल केलं. एक ड्रायव्हर म्हणे सगळ्यांत आधी उठला आणि म्हणाला, त्याचं स्वतःचं पोर गावाकडं असंच सायकलवर जातं. पलीकडं रस्त्यावर एक गतिरोधकही झाला. फक्त हत्तींचं काय करायचं ते कुणाला सुचेना. फोडायला कुणाचा हात होईना.

सुचलं ते माझ्या लेकीला. तिनं मामांना फोन केला. "आजोबा, नव्या वाटेत मोटारसायकली घुसणार बघा. दोन्ही तोंडाला एकेक हत्ती ठेवला तर? सायकल जाईल, गाडी जाणार न्हाई." मामा कितीतरी वेळ फोन धरून बसले होते, तो बंद झाल्यावरही.

हत्ती हलवले तो दिवस मी फोनवर बघितला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यालाही मामांनी जवळ बसवून घेतलं. जेसीबीनं हत्तीला पट्टे बांधून वर उचललं. पोकळ असल्यामुळं तो चटकन उठला. उसाच्या वर आला, तुऱ्यांच्या वर, मागं सकाळचं धुकं. आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. चित्र थांबलं. हत्ती तसाच राहिला, उसाच्या रानावर, हवेत, अर्ध्या कानाचा, सोंड पुढं केलेली. आम्ही तिघं बघत राहिलो. तमिळ माणसानं नकळत हात जोडले. मला वाटलं, हा हत्ती आता तिकडून निघाला आहे आणि डोंगर, नद्या ओलांडत, तरंगत आमच्या बोळापर्यंत येईल. मामांना काय वाटलं माहीत नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते.

चित्र परत सुरू झालं तेव्हा हत्ती जमिनीवर होता. खाली ठेवताना सोंडेचं टोक गेलं होतं. पोरं त्याच्याभोवती नाचत होती.

पण बायकोनं लेकीला लगेच शाळेला सोडलं नाही. ती रोज त्या वाटेवर जाऊन बघून यायची. गावातले एकदोघे मोटारसायकल घालायला बघतात का, पावसानं चिखल होईल का, सगळं. आणि एका सकाळी, भट्टी पेटवली होती, मूस आत होती, तात्यांचा फोन आला. हॅलो म्हटलं तर पलीकडून बोलणं नाही. मी घाबरलो. "तात्या? तात्या, काय झालं?"

"गप. तुजी पोरगी निगालीय आज. ऐक नुसतं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन लांब धरला.

आधी काहीच नाही. वारा, उसाची सळसळ. मग एक घंटी. हत्तीच्या आणि बांधाच्या मधून जाताना पोरं घंटी वाजवतात, हे तात्यांनी नंतर सांगितलं. तो नियम त्यांनीच केला, एकापाठोपाठ एक, समोरच्याला कळावं म्हणून. मग दुसरी घंटी. मग एकदम बऱ्याच. लांब कुठंतरी ट्रॅक्टरचा आवाज होता, नुसता इंजिनाचा, गाण्याशिवायचा, आणि तो घंट्यांच्या पलीकडून, वेगळ्या रस्त्यानं गेल्यासारखा गेला.

मामांनी पंखा बंद केला. सोनं अजून वितळलेलं नव्हतं, ते तसंच लाल होऊन राहिलं. मी डोळे मिटले. उतार लागला, सावली आली.

"आपली कंची रं त्यातली?" मामांनी हळूच विचारलं.

"वळखू येत न्हाई, मामा."

"ऐक की नीट."

मी ऐकत राहिलो.